फुगडीनंतरची धडधड

माझी सून वल्लरी लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा वरात रीतसर मोटारीतून आली होती. पण दुसऱ्या दिवशी ही बाई पहाटेची बस पकडून लोणी काळभोरला माहेरी गेली, अंगणात उभी असलेली आपली स्कूटर काढली आणि सत्यनारायणाचे गुरुजी यायच्या आत कोथरूडला परत हजर. हातात हिरवा चुडा, डोक्यावर हेल्मेट. आमचे हे, म्हणजे गोपाळकृष्ण, गॅलरीतून बघत होते. म्हणाले, "गाडीला ब्रेक असेलच. सूनबाईंना आहे का, तेवढं बघून घ्या."

नव्हता. भाजी आणायची, बाणेरच्या ऑफिसात जायचं, दसऱ्याला मार्केट यार्डातून झेंडू आणायचा, सगळं त्या स्कूटरवर. आणि एका रविवाराआड माहेरी. माझा मुलगा आमोद चारचाकीची चावी नाचवत म्हणायचा, चल, सोडतो. ही नाही म्हणायची. "माहेरी आपलं आपण जायचं असतं. कुणी पोचवायला लागलं की पाहुणी झाले मी," असं तिचं शास्त्र. तिची आई यमुनाबाई गुडघ्यांनी बेजार, पण लेकीचा हॉर्न वळणावर वाजला की फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या. मूळचे परळीकडचे लोक. वल्लरीचे वडील वैजनाथराव लोणीच्या कॉलेजात नोकरीला लागले आणि तिथेच घर बांधून राहिले.

आता माझ्याविषयी. मी हेमा. टपालखात्याच्या खिडकीमागे जन्म गेला, त्यामुळे समोरच्याला एका वाक्यात वाटेला लावायची सवय आहे, ती काही जात नाही. निवृत्तीनंतर मी मंगळागौरीच्या खेळांचं मंडळ काढलं. नाव 'ठसका'. श्रावणात नव्या नवरीची मंगळागौर पुजली की रीतीप्रमाणे झिम्मा, फुगड्या, पिंगा असे खेळ खेळायचे असतात. हल्लीच्या मुलींना पूजा यूट्यूबवर बघून जमते, फुगडी नाही जमत. मग आम्हाला बोलावतात. आम्ही साठीच्या आसपासच्या बायका नऊवारी नेसून, नथ घालून जातो आणि त्यांना दमवून येतो.

तर संक्रांतीनंतरच्या रविवारी वल्लरी तिळगूळ घेऊन माहेरी निघाली. हडपसरचा पूल चढताना एकाएकी छातीत धडधडायला लागलं. हात बधिर, श्वास आत जाईना, डोळ्यांपुढे सगळं पांढरं. आपण आता मरतो अशी तिची खात्रीच झाली. तिने कशीबशी गाडी कठड्याला लावली आणि आमोदला फोन केला. दवाखाना झाला, ईसीजीची पट्टी काढून झाली, रक्त तपासून झालं. हृदय ठणठणीत. पोर मात्र पांढरीफटक.

आणि मग आम्ही ते केलं जे मराठी घरात हटकून होतं. आम्ही ठरवलं, पित्त आहे. आपल्याकडे माणूस जिन्यावरून गडगडत खाली आला तरी कुणीतरी म्हणतंच की सकाळी चहा रिकाम्या पोटी घेतला असेल. मी मोरावळा सुरू केला. ह्यांनी भिजवलेल्या मनुका. समोरच्या आनंदीबाईंनी कोकमाचं आगळ दिलं. फोनवरून यमुनाबाईंनी धणेजिऱ्याचं पाणी सांगितलं. दोन विहिणींचं असं एकमत आजवर झालं नव्हतं. उन्हाळा येईपर्यंत वल्लरीचं पित्त इतकं शमलं की बिचारीला भूक लागेना. धडधड मात्र जिथल्या तिथे.

जिथल्या तिथे कसली, पसरली. ऑफिसच्या लिफ्टमध्ये झाली, मीटिंगमध्ये झाली, मग ती घरूनच काम करायला लागली. आम्ही तिला जपायला लागलो, हे तर आणखी वाईट. आमोदने स्कूटरची चावी खुंटीवरून काढून आपल्या कपाटात ठेवली. हे तिच्यासोबत कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जायला लागले. मी हळू आवाजात बोलायला लागले. माझा हळू आवाज ऐकून कुणालाही वाटेल की आपलं काही खरं नाही. ती जिने चढेना, कारण जिना चढला की छाती धडधडते आणि छाती धडधडली की तिला पूल आठवतो.

माहेर तर सुटलंच. आमोद मोटारीतून घेऊन गेला तेव्हा पुलावर तिने डोळे गच्च मिटून घेतले आणि दाराची मूठ धरून बसली. पुढच्या खेपेला स्वारगेटवरूनच गाडी मागे वळवायला लावली. यमुनाबाई फोनवर काही बोलायच्या नाहीत, फक्त विचारायच्या, बरी आहेस ना. फोन ठेवला की वल्लरी बाल्कनीत जाऊन स्कूटरवरच्या आच्छादनाकडे बघत उभी राहायची. एकदा मला म्हणाली, "आई, मी आता तिकडे पाहुणी म्हणूनसुद्धा जात नाही." मला इतकं वाईट वाटलं की मी तिला ओरडलेच, हे काय बोलणं झालं म्हणून. वाईट वाटलं की मी ओरडते.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी मोरावळ्याची बरणी बंद करायला लावली. म्हणाले, हृदयाचा प्रश्न नाही, पित्ताचाही नाही, मज्जासंस्था घाबरलीय. त्यांनी मुक्ताई नावाच्या एका मुलीकडे पाठवलं. ती समुपदेशन करते, पण हालचालीतून आणि नाचातून. कोथरूडमध्येच, गणिताच्या क्लासच्या वर तिची खोली. खाली पोरं प्रमेय घोकतायत आणि वर माणसं अनवाणी डुलतायत. मी पहिल्या दिवशी सोबत गेले, नजर ठेवायला.

खोलीत एक सतरंजी, एक पंखा, बाकी काही नाही. मुक्ताईने वल्लरीला उभं केलं आणि म्हणाली, तळवे जमिनीला कुठे कुठे लागतात ते बघा. मग एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन घ्या. हात सैल सोडून झटका. तोंड मिटून असं गुणगुणा की छातीची फळी थरथरली पाहिजे. मी म्हटलं, हा तर पी.टी.चा तास. ती हसून म्हणाली, "हो काकू, फक्त शिट्टी नाही." मग तिने मला नीट समजावलं. सोसायटीत मोटारीवर मांजर चढलं तरी अलार्म बोंबलतो की नाही? चोर नसतो, पण अलार्मला ते कुठे कळतं. वल्लरीचा अलार्म तसा हळवा झालाय. त्याला भाषण देऊन उपयोग नाही, त्याला शरीराचीच भाषा कळते. पाय टेकले, श्वास लांब सोडला, ताल धरला की तो समजतो, चोर नाही, मांजर होतं. मला ते पटलं, पण लगेच पटलं असं दाखवायची पद्धत आमच्यात नाही. मी नुसतं हूं म्हटलं.

फरक पडायला लागला. वल्लरीला झोप लागायला लागली. गॅसपाशी उभी राहून डुलायची, गुणगुणायची. आमचे हे म्हणाले, कुकर आधी शिट्टी देतोय की सूनबाई, कळत नाही. लिफ्ट जमली. पण एक गाठ सुटेना. छाती जोरात चालायला लागली की ती अजून हबकायची, मग कारण काही असो. मुक्ताईचं म्हणणं पडलं, आता मुद्दाम असं काहीतरी करा की छाती धडधडेल, पण मजेने धडधडेल, आणि मग ती आपली आपण खाली येताना बघा. लहानपणी काय नाचायचात? वल्लरी म्हणाली, नागपंचमीला परळीत आईबरोबर फुगडी. मग घरी कोण आहे फुगडी घालायला? ह्यावर म्हणे माझ्या सूनबाई सतरंजीचे दोरे ओढायला लागल्या. घरात फुगडीचं मंडळ चालवणारी सासू, आणि हिला विचारायची भीती. पुलाची नाही वाटत एवढी सासूबाईंची वाटते, असं तिने मुक्ताईला सांगितलं होतं. हे मला पुष्कळ नंतर कळलं आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

तेवढ्यात आमच्या आनंदीबाई मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेल्या. ऐन श्रावण तोंडावर आणि मंडळात एक बाई कमी. मी घरात धुसफुसत होते, तर वल्लरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, मी येऊ का तालमीला? मी म्हटलं, ये, पण आमच्याकडे लाड नाहीत.

सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम. मी स्वतः तिच्यासमोर उभी राहिले. फुगडीचे माझे दोन नियम आहेत आणि मंडळात ते सगळ्यांना पाठ आहेत. फिरताना जमिनीकडे बघायचं नाही, समोरचीच्या डोळ्यांत बघायचं. आणि थांबल्यावर खाली बसायचं नाही. हात न सोडता, टाचा टेकून उभं राहायचं, जग जागेवर येईपर्यंत. बसलं की गरगरतं जास्त. हातांची अढी घातली, पावलांना पावलं भिडवली, अंग मागे झोकलं आणि फिरलो. अहो, काय फिरली ती पोरगी! परळीचं पाणी. आमची पुण्याची फुगडी म्हणजे पदर सांभाळून. हिने मला भोवऱ्यासारखी फिरवली.

आणि थांबलो तशी तिचं तोंड उतरलं. ओठ पांढरे पडले. "आई, आली. ती आली," म्हणाली आणि खाली बसायला लागली. मंडळातल्या बायका पाणी आणायला धावल्या. मी हात सोडले नाहीत. माझा हळू आवाज त्या दिवशी मला सापडलाच नाही, देवाची कृपा. मी खेकसले, "बसायचं नाही. टाचा टेक. माझ्याकडे बघ. माझीपण धडधडतेय, हे बघ." आणि तिचा हात उचलून माझ्या छातीवर ठेवला. तिथे ढोल वाजत होता. मी पासष्टीची बाई, वाजणारच. ती माझ्याकडे बघत राहिली. तोंड मिटून गुणगुणायला लागली. हाताखाली माझी छाती हळूहळू शांत होत गेली, तशी तिचीही होत गेली असणार, कारण तिच्या चेहऱ्यावर एकदम नवल उमटलं.

"ओसरली," ती म्हणाली.

"ओसरणारच. फुगडीनंतरची धडधड राहते का कधी?"

 ती हसायला लागली. इतक्या महिन्यांनी तिचं ते मोकळं, मोठं हसू ऐकलं आणि मला रडूच आलं, पण पाण्याचा पेला तोंडाला लावून मी ते निभावलं. ती म्हणाली, "आई, परत."

त्यानंतर आमच्या घरात जो धुमाकूळ सुरू झाला त्याला तोड नाही. दिसेल त्याला फुगडी. आमोदला घातली, त्याच्या कोपरापाशी चमक भरली. ह्यांना घातली, ह्यांचा चष्मा सोफ्याखाली गेला आणि हे खुर्चीला धरून विचारत राहिले, ह्याला थांबायचं बटण कुठे असतं. प्रत्येक वेळी थांबल्यावर टाचा टेकून ती उभी राहायची आणि आपल्या छातीकडे कान लावल्यासारखी शांत व्हायची. चढली, आहे, ओसरतेय, ओसरली. मुक्ताईने तिला सांगितलं, हेच हवं होतं. शरीराला वर जाता येतं आणि खालीही येता येतं, हे त्याला आता ठाऊक झालंय. मंगळागौरीच्या कार्यक्रमांत वल्लरीने असा रंग भरला की लोक तिलाच मंडळाची प्रमुख समजायला लागले. मी दोन-तीन ठिकाणी दुरुस्ती केली.

भाद्रपद लागायच्या आतल्या एका रविवारी तिने चहाच्या टेबलावर आमोदपुढे हात पसरला आणि चावी मागितली. तो म्हणाला, अगं पण मध्येच झालं तर? ती शांतपणे म्हणाली, "होईलच बहुतेक. झालं तर गाडी कडेला घेईन, टाचा टेकेन आणि वाट बघेन. ओसरते ती, आमोद. मी बघितलंय." तो तरी चुळबुळ करत राहिला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बसते मागे."

बोलले आणि जीभ चावली. मी दुचाकीवर कोथरूडच्या बाहेर कधी गेलेली नाही. पण शब्द गेला तो गेला. वल्लरीचा पंजाबी ड्रेस चढवला, आयुष्यात पहिल्यांदा हेल्मेट घातलं आणि आतून मला माझाच श्वास ऐकू यायला लागला, तो काही धीर देणारा नव्हता. हे गॅलरीतून ओरडले, "पोचल्यावर फोन करा. दोघीही." स्वारगेट गेलं. मार्केट यार्डाकडून येणारे ट्रक आमच्या खांद्याला खांदा लावून चालायला लागले. मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. एकदा म्हटलं, अगं हळू. ती म्हणाली, आई, आपण सिग्नलला उभ्या आहोत.

हडपसरचा पूल आला. चढाला लागलो आणि तिची पाठ ताठ झाल्याचं माझ्या हातांना कळलं. श्वास तोकडा झाला. वेग कमी झाला, गाडी डावीकडे सरकली. मी मनात म्हटलं, संपलं. मग तिच्या पाठीतून थरथर यायला लागली, आणि मला क्षणभर वाटलं इंजिन बिघडलं. ती गुणगुणत होती. अख्खा पूल तिने गुणगुणत पार केला, न थांबता. उतार संपल्यावर एका रसवंतीपाशी गाडी कडेला घेतली, दोन्ही टाचा टेकल्या आणि हेल्मेट काढलं. कपाळ घामाने भिजलेलं, पण डोळे चमकत होते.

मी उतरले. छाती अशी उडत होती की हेल्मेट काढायचंही सुचेना. खाली बसायला दगड शोधत होते.

"आई, बसायचं नाही," ती म्हणाली. "टाचा टेका. माझ्याकडे बघा."

आणि सोलापूर रस्त्याच्या कडेला, ट्रक जात असताना, माझ्या सुनेने माझे दोन्ही हात अढी घालून धरले आणि मला हळूच एक गिरकी दिली. रसवंतीवाला चरक थांबवून बघत राहिला. बघू दे. मी इतकी हसले की हेल्मेट डोळ्यांवर आलं.

लोणीच्या वळणावर तिने हॉर्न वाजवला. यमुनाबाई गुडघे विसरून फाटकापर्यंत आल्या होत्या. "आलीस का गं माय," एवढंच म्हणाल्या आणि तिचं हेल्मेट घातलेलं डोकंच छातीशी धरलं. वैजनाथराव उगाचच स्कूटरच्या टायरमधली हवा दाबून बघायला लागले. मग धपाटे, दही, ठेचा. जेवणं झाल्यावर मायलेकींनी अंगणात फुगडी घातली, यमुनाबाईंच्या गुडघ्यांना सोसेल तेवढी, म्हणजे एक संथ फेरी. थांबल्यावर त्यांनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "पित्त गेलं म्हणायचं का मग?" वल्लरीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. गेलं, आम्ही एकदम म्हणालो.

निघायच्या वेळी मी हेल्मेट हातात घेतलं तर ही घुटमळायला लागली. "आई, रागवाल का? परत जाताना मला एकटीला जायचंय."

म्हणजे बघा. हिच्यासाठी जिवावर उदार होऊन एवढा रस्ता आले, आणि मला इथेच उतरवून ठेवणार. टपालखात्यात जन्मभर लोकांची पार्सलं पाठवली, त्या दिवशी मी स्वतः पार्सल झाले. मी म्हटलं, रागावणारच. आणि तिच्या हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा मीच घट्ट केला.

वैजनाथरावांनी मला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीची जागा मिळाली. हडपसर जवळ आलं आणि उजव्या बाजूने एक स्कूटर बसच्या पुढे गेली. मागची सीट रिकामी, ओढणी नीट खोचलेली, पाठ सैल. तिने मला बघितलंही नाही, तिचं सगळं लक्ष रस्त्यावर होतं. बस थांब्यासाठी खालच्या अंगाला वळली आणि ती पूल चढायला लागली. मी मान मोडेपर्यंत बाहेर बघत होते. एकदा वाटलं वेग कमी झाला. नाही, पुढे एक टेम्पो होता. तिने त्याला मागे टाकलं आणि पुलावरून पलीकडे निघून गेली.

मला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा कळेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मांडीवर झिम्म्याच्या टाळ्या देत होते. शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या मुलीने कानातला इअरफोन काढून काळजीने विचारलं, "काकू, बरं वाटत नाहीये का?"

मी दोन्ही टाचा बसच्या पत्र्यावर नीट टेकल्या.

"धडधडतंय जरा," मी म्हटलं. "ओसरेल."